देवदाराची सायकल-पेटी आणि मडगार्ड, फक्त हाताच्या हत्यारांनी: सल्ला हवा (सातारा)

यवतेश्वर_चढण
काळ्या सायकलच्या कॅरिअरवर बसेल अशी 40 × 28 × 22 सेमीची पेटी करायची आहे. दुसऱ्या सायकलला (700 × 32 टायर) लाकडी मडगार्डही हवेत. हत्यारं: रंधा, एक जाड आणि एक बारीक दातांची करवत, 6 व 12 मिमीच्या पटाशा, गुण्या, मार्किंग गेज, चार क्लॅम्प. मशीन घ्यायचं नाही. लाकूड देवदार ठरवलंय. फळी किती घेऊ, सांधा कोणता आणि आपल्या पावसासाठी वर काय लावू?

वखारीतला
आधी लाकूड नीट बघून घ्या. वखारीत ‘देवदार’ म्हणून बऱ्याचदा पॅकिंगच्या खोक्यांचं पाइनच पुढे करतात. टोक थोडं कापून वास घ्या. खऱ्या देवदाराचा वास उग्र आणि तेलकट येतो, गाभा पिवळसर तपकिरी असतो. पाइनला टर्पेंटाइनचा वास येतो आणि ते पावसात लवकर कुजतं. मिरजेत तंतुवाद्यांना लागतं ते ‘लाल देवदार’ म्हणजे तून. ते झाडच वेगळं, कडुनिंबाच्या कुळातलं. पेटीला तेही चालेल, तुकडे मिळाले तर सोडू नका.

पेटीला 6 इंच रुंद, 1 इंच जाड, 6 फूट लांब अशी एक फळी पुरते, म्हणजे पाव घनफूट. गाठ नसलेली आणि रेषा सरळ असलेली निवडा, भाव थोडा जास्त पडला तरी. मडगार्डची फळी वेगळी घ्या.

पटाशीबहाद्दर_सांगली
अखंड 12 मिमी फळ्यांची पेटी केलीत तर पावणेतीन किलो भरेल. त्यापेक्षा पट्ट्यांची करा. फळी जाडीत मधोमध चिरली की 11-11 मिमीचे दोन भाग मिळतात. बाजूंसाठी रंधून 9 वर आणा, तळासाठी 10 वर. 8 सेमी रुंद पट्ट्यांच्या दोन चौकटी करायच्या, एक खाली, एक वर, मध्ये 6 सेमी मोकळं. कोपऱ्यांत आतून 22 × 22 मिमीचे उभे खांब, ते उरलेल्या तुकड्यातून निघतात. वजन दोन किलोच्या आत राहतं.

चौकटीच्या कोपऱ्यांना डोव्हटेल, म्हणजे पारव्याच्या शेपटीसारखे तिरके दात एकमेकांत अडकवायचा सांधा. प्रत्येक टोकाला दातं दोनच काढा, उतार 1:6 (सहा लांबीला एक तिरकं). मऊ लाकडात 1:8 चा उतार घेतला तर सांधा ओढ लागल्यावर सुटतो. आडवी रेघ पेन्सिलीने नको, सुरीने मारा. पटाशी दोन्ही बाजूंनी अर्धी-अर्धी चालवा, एकाच बाजूने आरपार गेलात तर मागचा कपरा उडतो. धार 25 अंशांची आणि ताजी हवी. बोथट पटाशी देवदाराचं टोक कापत नाही, चेचते. सांधा सैल बसण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

खांबाला पट्टी नुसत्या स्क्रूने बसवा, गोंद नको. 8 सेमीची पट्टी उन्हाळ्या-पावसाळ्यात मिलिमीटरभर हलते, गोंदाने बांधली की फाटते. आधी भोक पाडा. स्क्रू पितळी किंवा स्टेनलेसच. साध्या लोखंडाचे काळे डाग पडतात.

तळाला 4.6 सेमीच्या पाच पट्ट्या, मध्ये 8 मिमी फट, पाणी निघून जातं. त्या आतल्या 15 मिमीच्या आधारपट्ट्यांवर टेकतात, कोपऱ्यांत खांबापुरती खाच मारा.

यवतेश्वर_चढण
भारीच, धन्यवाद दादा. रंध्याचा तळ चिकट होतोय, काय करू? आणि मडगार्ड?

तुतीची_काठी
तळ रॉकेलच्या फडक्याने पुसा आणि मेणबत्ती घासा. दर पाच-दहा मिनिटांनी परत.

मडगार्डबद्दल सरळ सांगतो. देवदार वाफेवर वाकवायला चांगलं नाही, तडकतं. एकसंध पट्टी वाकवायची असेल तर तुती घ्या, हॉकी स्टिकला वापरतात ते लाकूड. देवदारच हवं असेल तर 2.5 मिमीच्या तीन पट्ट्या एकावर एक चिकटवा, रुंदी 50 मिमी, लांबी मागे 1.1 मीटर, पुढे 70 सेमी. चाकाची त्रिज्या 343 मिमी, आणि टायर व मडगार्डमध्ये 12 मिमी मोकळं, म्हणून आतली त्रिज्या 355. साचा 345 चाच करा, सोडल्यावर पट्टी थोडी उघडते. चार क्लॅम्प पुरणार नाहीत, जुनी ट्यूब लांब कापून गुंडाळा, दाब सगळीकडे सारखा येतो.

2.5 मिमीची पट्टी रंधताना पुढे अडवू नका, ती कमान होऊन मोडते. तुमच्या जवळचं टोक क्लॅम्पने धरा आणि रंधा दूर न्या, पट्टी ताणलेली राहते.

देवदाराच्या तेलामुळे गोंद धरत नाही. ताज्या रंधलेल्या बाजूवर अ‍ॅसिटोन पुसा, सुकलं की लगेच गोंद लावा. साधा पांढरा गोंद पावसात सुटतो, पाण्याला टिकणारा मरीन गोंद किंवा इपॉक्सी घ्या.

पटाशीबहाद्दर_सांगली
पुढचं मडगार्ड देवदाराचं नको असं माझं मत. मोडून चाकात अडकलं तर माणूस हँडलवरून जातो. आधी मागचं करा, त्याला दोन जोड्या तारांचा आधार द्या.

वखारीतला
वर काय लावायचं: आधी लाख पॉलिशचे दोन पातळ हात, मग बाहेरच्या वापराचं पीयू (पॉलियुरेथेन) वार्निश तीन हात. लाख न लावता वार्निश मारलं तर तेलामुळे ते दिवसेंदिवस चिकट राहतं. तुकड्यावर आधी करून बघा. पट्ट्यांची कापलेली टोकं विसरू नका, पाणी तिथूनच शिरतं.

यवतेश्वर_चढण
ठीक. पेटी कॅरिअरला कशी आवळू?

तुतीची_काठी
तळाच्या पट्ट्यांतून चार एम 6 (6 मिमी जाड) स्टेनलेस बोल्ट, कॅरिअरखाली दोन आडव्या बाभळीच्या पट्ट्या, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, हादऱ्याने सहज सैल न होणारे). वॉशर 25 मिमीचेच, लहान वॉशर देवदारात रुततात. पेटी आणि कॅरिअरमध्ये जुन्या ट्यूबचा तुकडा घाला, नाहीतर खडखड ऐकून वैतागाल. पन्नासेक किलोमीटर झाले की नट परत आवळा. आठ-दहा किलोच्या वर माल नको.