अनुभव धागा: "पूर्ण नाव सांगा"

सुरंगी
काल रात्री मुलाचा पुण्याहून फोन आला. जागा शोधतोय. एजंटने आडनाव विचारलं, याने दळवी सांगितलं. "या साहेब, उद्याच दाखवतो." मग अ‍ॅग्रीमेंटसाठी पूर्ण नाव मागितलं. ते कळवल्यावर थोड्याच वेळात मेसेज आला, मालकाचा विचार बदलला. मुलगा म्हणतो, "जाऊ दे अम्मी." त्याच्या त्या 'जाऊ दे'ने मला रात्रभर झोप नाही.

1994 साल आठवलं. मुंबईतल्या दंगलीला वर्ष उलटून गेलं होतं. आम्ही दोघं उपनगरात वन रूम किचन बघत होतो. दळवी म्हटल्यावर मालकांना आनंद, टोकन घेतलं, साफसफाईसाठी किल्लीही दिली. मी ओटा घासून आले, खिडकीचं माप घेतलं, नणंदेच्या मशीनवर पडदे शिवले. पिवळ्या फुलांचे. कागद करायच्या दिवशी ह्यांचं नाव पुढे आलं. संध्याकाळी मालक स्वतः पैसे परत द्यायला आले. माणूस वाईट नव्हता, मान वर करून बोलवत नव्हतं त्यांना. "माझं काही नाही हो वहिनी, पण बिल्डिंगचे लोक..."

ते बिल्डिंगचे लोक मला कधी दिसले नाहीत. तुम्हाला असा अनुभव आला असेल तर लिहा. आणि तुम्ही त्या लोकांपैकी असाल तर तेही लिहा, मी मनापासून वाचेन.

कृष्णाकाठ
ताई, पडद्यांचं वाचून पोटात कालवलं. कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते.

संत्रानगरी
आमच्या आडनावावरून चटकन कळत नाही. मग गाव विचारतात, कुलदैवत विचारतात. पुण्यात एका काकूंनी विचारलं होतं, "तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा?" मी म्हटलं, आम्ही बौद्ध. चहा अर्धा राहिला.
दुसरीकडे जागा मिळाली. सामान लावताना बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर लावला. त्या दिवसापासून मालकीणबाई वर आल्याच नाहीत. अकरा महिने झाल्यावर करार वाढवला नाही. कारण विचारलं तर म्हणाल्या, भाचा येणार आहे. वर्षभर त्या घराला कुलूप होतं, मी त्याच रस्त्याने ऑफिसला जायचो.

विश्वामित्रीकाठ
मी बडोद्याचा, आमच्या चार पिढ्या इथे. वरचं वाचून सयाजीबाग आठवली. 1917 मध्ये बाबासाहेब परदेशात शिकून गायकवाडांच्या नोकरीत इथे रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी नाव सांगून पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती मित्र, दोघांनाही विचारलं, दोघांनीही घरात घेतलं नाही. गाडीची वेळ होईपर्यंत ते बागेत बसून राहिले. आज ती जागा संकल्पभूमी म्हणून ओळखतात. मुलांना मी तिथे मुद्दाम घेऊन जातो. हाकलणारे पारशी स्वतः मूठभर होते, हे मला प्रत्येक वेळी जास्त लागतं.

रानजाई
>> दळवी
मला खरंच माहीत नव्हतं की कोकणी मुसलमानांत दळवी असतात. आमच्या दापोलीत परकार आहेत, ते माहीत होते.

सुरंगी
@रानजाई हो, दळवी आहेत, खोत आहेत, मुकादम आहेत. घरी कोकणीच बोलतो आम्ही, मराठीच ती. तरी मला आयुष्यभर लोक म्हणत आलेत, "तुमचं मराठी किती छान!" चांगल्या मनाने म्हणतात. पण माझ्याच भाषेत मला पाहुणी केल्यासारखं होतं.

रानजाई
ताई, मीही कुणाला तरी हे बोलले आहे. चुकलंच.
अवांतर: तुमच्याकडचं सांदण कसं करतात? आमच्याकडे फणसाच्या रसाचं.

जुनाजिना
लिहू की नको, दुपारभर विचार केला. मी त्या बिल्डिंगच्या लोकांपैकी. आठ वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी होतो. नियम कुठेही लिहिलेला नव्हता. 'आपल्यातलेच' भाडेकरू ठेवायचे, एवढं सगळ्यांना ठाऊक. मालक फोन करायचे, मी म्हणायचो, "बघा बुवा, लोकांना आवडणार नाही." लोकांना मी कधी विचारलंच नव्हतं. माझ्या फोनवरून किती जण परत गेले ते मी मोजलेलं नाही.

दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. एका सभेत त्या उठल्या, म्हणाल्या, "उपविधींत हा नियम कुठे आहे ते दाखवा." आम्ही विषय बदलला. पुढच्या सभेत तेच वाक्य. त्याच्या पुढच्याही. आवाज चढवला नाही, कुणाला वाईट म्हटलं नाही, शब्दसुद्धा बदलला नाही. चौथ्या सभेत तळमजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, बाई बरोबर बोलतायत. मग आणखी तिघे. बाईंच्या शेजारचीच खोली एका मुस्लिम कुटुंबाला दिली गेली, 2011 मध्ये. बाई आता नाहीत. शेवटच्या आजारपणात त्यांना डबा त्याच घरातून जायचा. सुरंगीताई, 1994 मध्ये मी दुसऱ्या उपनगरात होतो, पण तुमचे पैसे परत आले त्यात माझ्यासारखेच होते. मनापासून क्षमा मागतो.

सुरंगी
काका, वाचलं. आत्ता लिहवत नाहीये. पण वाचलं.

फळाखडू
जुनाजिना, तुमच्या बाईंनी जे केलं ते मी वर्गात शिकवते. मानसशास्त्रज्ञ मॉस्कोविसी आणि सहकाऱ्यांचा 1969 चा प्रयोग. सहा जणींच्या गटात दोघी आधीच ठरवून आलेल्या. निळी स्लाइड दिसली की त्या हिरवी म्हणायच्या. दोघी दर वेळी ठाम राहिल्या तेव्हा बाकीच्यांची सुमारे 8 टक्के उत्तरं हिरव्याकडे वळली. कधी हिरवी कधी निळी म्हणू लागल्या तेव्हा जेमतेम 1 टक्का. प्रयोगातलं उत्तर चुकीचं होतं, बाईंचं खरं होतं, हा फरक आहेच. पण थोड्यांचं ऐकलं जायला तेच ते न डगमगता बोलावं लागतं. बहुसंख्यांना एकदा 'लोकांना आवडणार नाही' म्हटलं की पुरतं. हा भार सारखा नाही, आणि मुलांना मी हे आवर्जून सांगते.

कृष्णाकाठ
आले परत. आम्ही बेळगावचे. 1956 पासून घरात एकच विषय, सीमाप्रश्न. सरकारी कागद कानडीत, आजोबा तो कुणाकडून तरी वाचून घ्यायचे आणि वाचून होईपर्यंत उभे राहायचे. मराठी माणूस अल्पसंख्य असतो तेव्हा काय होतं ते मी लहानपणी बघितलंय. म्हणून लग्नानंतर पुण्यात सासूबाई भाडेकरूला जात विचारायच्या तेव्हा मला सहन व्हायचं नाही. पण बोलले नाही हो मी. नवी सून होते.

बेलपत्र
कायदेशीर मार्ग काय आहे? पोलिसांत जाता येतं का?

तारीखपेतारीख
@बेलपत्र अवघड आहे. संविधानाचं कलम 15, भेदभावाला मनाई करणारं, मुख्यतः सरकारला बांधतं. दुकानं, हॉटेलं, विहिरी अशा जागा त्यात येतात, खाजगी भाड्याच्या घराचा उल्लेख नाही. उलट 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या पारशी सोसायटीचा 'सभासद फक्त पारशी' हा उपविधी वैध ठरवला. कोर्टातून निघालोय, रात्री लिहितो.

शनिवारतेली
आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, अलिबागकडचे. आमची आडनावंही गावावरून, शेवटी कर. त्यामुळे घर मिळायचं, मग शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावले की प्रश्न सुरू. 2016 मध्ये राज्याने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला तेव्हा आजी म्हणाली, "आता लिहून तरी देतील आपण कोण ते." बहुतेक नातेवाईक इस्राएलला गेलेत. तिकडे त्यांना भारतीय म्हणतात.

संत्रानगरी
सुरंगीताई, माझ्या मित्राचा कोथरूडला फ्लॅट रिकामा होतोय. त्याला मुलाचं पूर्ण नाव सांगितलं, म्हणाला, रविवारी पाठव. नंबर व्यनि (खाजगी निरोप) केलाय.

सुरंगी
देव तुमचं भलं करो. मुलगा जाऊन आला. हॉलची खिडकी पाच फुटी आहे म्हणतो. ट्रंक उघडली, पडदे कडेला जरा विरलेत, बाकी कापड चांगलं आहे.
@रानजाई सांदण: तांदळाचा रवा, नारळाचं दूध, साखर. पूर्वी माडी घालून फुगवायचे, आता यीस्ट.

रानजाई
रवा जाडा की बारीक?