स्कूल बसच्या मेकॅनिकला परवाना सक्तीचा करावा का?

डिचोलीचा पालक
1997 मध्ये दिल्लीत शाळेची बस यमुनेत कोसळून मुलं दगावली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले, आणि तेव्हापासून ड्रायव्हरचा अनुभव, सोबतचा मदतनीस, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी या सगळ्याकडे लक्ष जाऊ लागलं. ते हवंच होतं. पण त्याच बसचे ब्रेक लायनर, म्हणजे ब्रेकच्या झिजणाऱ्या घासपट्ट्या, कोण बदलतो? त्याला कसलाही परवाना लागत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 190 सदोष गाडीबद्दल बोट दाखवतं ते गाडी चालवणाऱ्याकडे आणि ती चालवू देणाऱ्याकडे.

घराचं वायरिंग झालं की परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो, त्याशिवाय वीज खातं जोडणी देत नाही. मुलांनी भरलेल्या बसचं स्टिअरिंग खोलणाऱ्याला मात्र कोणी काही विचारत नाही.

माझं म्हणणं एवढंच: ब्रेक, स्टिअरिंग, चाकं आणि डिझेलची लाइन ही कामं परीक्षा दिलेल्या मेकॅनिकनेच करावीत आणि जॉब कार्डवर, म्हणजे केलेल्या कामाच्या नोंदीवर, सही करावी. पत्रा ठोकायला, ऑइल बदलायला कोणीही चालेल.

साखळीचा गॅरेजवाला
गोव्यातल्या खाणी चालू होत्या तेव्हा साखळी, उसगाव, सावर्डे या पट्ट्यात खनिजाचे ट्रक दिवसरात्र धावत. भरलेला ट्रक जेटीपर्यंत उतरायचा तो आम्ही बांधलेल्या ब्रेकवर. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, 2018 मध्ये पुन्हा. किती गॅरेजना कुलपं लागली ते या भागातल्या माणसाला सांगायला नको. जी उरली त्यांना शाळांच्या बसचा आधार आहे, आणि आता तुम्ही म्हणता सर्टिफिकेट आणा. आमच्यातले कितीतरी जण शाळा सोडून पाना हातात घेऊन उभे राहिले. लायनर एका बाजूने खाल्लंय की ड्रम ओव्हल झालाय, हे मी ड्रम उतरवल्यावर बोटाने सांगतो. कागद घेऊन आलेल्या पोराला स्लॅक अ‍ॅडजस्टर ब्रेकची पकड जुळवायला किती फिरवायचा ते मलाच शिकवावं लागतं.

आयटीआयचा मास्तर
मेस्त्रीबाब, तुमच्या हाताबद्दल शंका नाही. आयटीआयत डिझेल मेकॅनिकचा कोर्स 1 वर्षाचा, मोटार मेकॅनिकचा 2 वर्षांचा. तेवढ्यात हात बसत नाही, हे मी वर्गातही सांगतो. पण नुसता अनुभवही आता पुरत नाही. एप्रिल 2020 पासून धुराचे कडक नियम पाळणाऱ्या बीएस-6 गाड्या आल्या. युरियाचं द्रावण, धुराचा फिल्टर, जागोजागी सेन्सर. स्कॅनर नसला की डॅशबोर्डवरचा दिवा कशाने लागला ते कळत नाही, मग काही जण वायरच तोडून दिवा बंद करतात.

दुसरं, मिनीबसचं ब्रेक ऑइल. ते हवेतली ओल शोषतं. डॉट-3 प्रतीचं ऑइल नवीन असताना किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की हीच मर्यादा 140 पर्यंत खाली येऊ शकते. आपल्याकडे पावसाळ्यात हवा कशी असते ते ठाऊकच आहे. चोर्ला घाटासारख्या उतारावर ब्रेक तापले की आत वाफ धरते आणि पेडल सरळ तळाला जातं. वरून बघाल तर डबी भरलेली! ‘कमी झालं तर टॉप-अप करू’ म्हणणारे मेकॅनिक मी पाहिले आहेत. मुदत झाली की जुनं ऑइल पूर्ण बदलून नळीत अडकलेली हवा काढायची, हे परीक्षेत विचारायलाच हवं.

फोंड्याचा बसमालक
फिटनेस सर्टिफिकेट कशाला असतं मग? गाडी 8 वर्षांची होईपर्यंत दर 2 वर्षांनी, पुढे दर वर्षी पासिंग होतंच. त्यावर आणखी एक परवाना म्हणजे आणखी एक खिडकी, आणखी एक रांग. सत्तरीतल्या आतल्या गावात संध्याकाळी बस बंद पडली तर सकाळी मुलांच्या वेळेआधी ती सुरू करून देणारा गावचाच मेकॅनिक असतो. त्याला बाद करून कंपनीच्या वर्कशॉपला टो करून न्यायची म्हटली तर दुसऱ्या दिवशी मुलं कशी जाणार? आणि खर्च शेवटी पालकांच्याच फीमध्ये येईल, तेव्हा हेच पालक ओरडतील.

डिचोलीचा पालक
पासिंग म्हणजे त्या एका दिवसाची गाडी. त्या दिवसापुरते चांगले टायर चढवून नंतर उतरवतात, हे तुमच्याच धंद्यातल्यांनी मला सांगितलंय. आमच्या मुलांच्या बसच्या पुढच्या चाकाचे नट ढिले सापडले. ड्रायव्हरने आवाज ऐकून गाडी बाजूला घेतली म्हणून निभावलं. चाक कोणी बसवलं होतं? शाळा म्हणाली कंत्राटदाराला विचारा, कंत्राटदार म्हणाला गॅरेजला विचारा, गॅरेजवाला म्हणाला तो पोरगा आता काम सोडून गेला. कागदावर एक नाव असतं तर तो नट पुन्हा एकदा आवळून बघितला गेला असता, असं मला मनापासून वाटतं.

मडगावकर
बाहेरचं उदाहरण देतो. अमेरिकेत एएसई ही संस्था स्कूल बस मेकॅनिकच्या वेगळ्या परीक्षा घेते. बॉडी, डिझेल इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग-सस्पेन्शन, इलेक्ट्रिकल, प्रत्येकाची स्वतंत्र. प्रमाणपत्रासाठी कामाचा अनुभवही लागतो आणि 5 वर्षांनी त्याचं नूतनीकरण. तिथेही ही परीक्षा मुळात ऐच्छिक आहे. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात मात्र ट्रक-बसच्या मेकॅनिकला परवाना सक्तीचा, पण शिकाऊ माणसाला उमेदवारी करत काम करता येतं. आपल्याकडेही गॅरेजमागे एक परवानाधारक आणि त्याच्या हाताखाली बाकीचे, असं का चालू नये?

आयटीआयचा मास्तर
चालेल. आधीच्या अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारी कौशल्य योजनेत आहेच. दहावीची अट नको. परीक्षा गाडीपाशी, हातात पाना देऊन, आणि प्रश्न कोकणी-मराठीत.

साखळीचा गॅरेजवाला
अशी परीक्षा असेल तर मी उद्या बसतो, सहीही करतो. पण एक सांगा. मी लायनर बदला म्हणून लिहून दिलं आणि मालक म्हणाला चवथीच्या सुट्टीपर्यंत ढकलू, तर ती बस अडवायचा हक्क मला देणार का? हक्क नसेल तर उद्या काही झालं की माझी सहीच मला अडकवेल.

फोंड्याचा बसमालक
आणि हक्क दिला तर थकलेल्या बिलासाठी कोणीही माझी बस अडवून ठेवेल. ते मला मान्य नाही.

डिचोलीचा पालक
अडवायचा हक्क मेकॅनिकला नको, शाळेला द्या. जॉब कार्डची एक प्रत त्याच दिवशी थेट मुख्याध्यापकांकडे जाऊ दे. ‘लायनर बदलायला हवं’ असं वाचल्यावरही बसमध्ये मुलं बसवायची की नाही, ते त्यांनी ठरवावं आणि खाली सही करावी.