मदत हवी आहे: तिसरीची हातच्याची वजाबाकी काड्यांवर जमते, वहीत अडते

नमस्कार मंडळी,

मी जुन्नर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. शाळा द्विशिक्षकी आहे. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे, आणि माझे दोन्ही वर्ग एकाच खोलीत. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६० पटापर्यंत दोनच शिक्षक आणि आमचा पट त्याच्या बराच आत, त्यामुळे तिसरा शिक्षक येण्याचा प्रश्न नाही. काही सुचवताना एवढं लक्षात घ्या की तिसरीचं गणित चालू असतं तेव्हा चौथी शेजारीच बसलेली असते.

गेला आठवडा तिसरीला हातच्याची वजाबाकी घेतली. सोमवारी काहीही न शिकवता फळ्यावर ५२ − २७ लिहिलं, कोण कुठे आहे ते कळावं म्हणून. बहुतेकांचं उत्तर ३५. वरवर पाहिलं तर सगळ्यांची चूक एकच. पण मुलांना शेजारी बसवून "कसं केलंस ते सांग" म्हटल्यावर दोन वेगवेगळ्या गोष्टी निघाल्या. काही मुलं वर-खाली न बघता मोठ्यातून लहान काढतात: सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. काही मुलं दोनाचे बारा नीट करतात, बारातून सात गेले पाच, पण दशकाच्या घरातला पाच तसाच ठेवतात. दोघांचंही ३५! मग ४३ − १७ दिलं, तेव्हा ती वेगळी झाली. पहिल्या गटाचं ३४ आलं, दुसऱ्याचं ३६. बरोबर उत्तर २६. तिसरीला शिकवणाऱ्या सगळ्यांना माझं सांगणं आहे, चाचणीतले आकडे असे निवडा की उत्तरावरूनच चूक ओळखू येईल. दोन्ही गटांना एकच उपचार लागू पडत नाही.

मंगळवारी काड्या काढल्या. दहाच्या जुड्या, वर रबर. बावन्न म्हणजे पाच जुड्या आणि दोन सुट्या. यातून सत्तावीस द्यायच्या म्हटल्यावर मुलं सुट्यांकडे बघून अडली, आणि एक जण म्हणाला, "बाई, जुडी सोडू का?" मी काही सांगितलं नव्हतं. आमच्याकडे भातलावणीच्या दिवसांत रोपांच्या जुड्या बांधणं-सोडणं मुलांच्या रोजच्या बघण्यातलं असतं, त्यामुळे हे त्यांना फार पटकन कळतं. तो सगळा तास सुंदर गेला. एकही उत्तर चुकलं नाही.

एक गोष्ट इथेच विचारून घेते. 'बावन्न' म्हटलं की दोघं-तिघं अजून २५ लिहितात, कारण कानावर दोन आधी पडतात. 'पन्नास दोन' म्हटलं की लगेच पाच जुड्या आणि दोन काड्या पुढे येतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात संख्यावाचनाची ही पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. माझ्या वर्गात तिचा उपयोग होतो, हे मी रोज बघते. दोन्ही नावं सोबत वापरणारे कुणी आहेत का? पुढे मुलं बावन्न, त्रेपन्नवर नीट येतात का? एकोणसाठ-एकोणसत्तरचा घोळ कमी होतो का?

बुधवारी दुकान मांडलं, खेळातल्या दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी. तेही छान झालं.

गुरुवारी वह्या उघडल्या आणि निम्मा वर्ग परत सोमवारच्या जागी. तीच मुलं, तीच उदाहरणं. वहीत कुणीही "जुडी सोडू का" विचारलं नाही. सगळ्यात जास्त लागलं ते एका मुलीचं. तिच्या आईचं गावात किराणा दुकान आहे. बुधवारी शंभराची नोट घेऊन ६४ रुपयांचा माल दिला तेव्हा तिने माझ्या हातावर आधी सहा रुपये ठेवले, "हे सत्तर", मग तीन नोटा, "हे शंभर". एका दमात ३६. गुरुवारी वहीत १०० − ६४ उभं मांडलं आणि उत्तर लिहिलं १६४. शंभरातून काढून एकशे चौसष्ट उरले, याचं तिला काहीच वाटलं नाही, कारण वहीतले आकडे तिच्यासाठी पैसे नव्हतेच.

शुक्रवारी काड्यांची चित्रं काढून बघितलं: उभ्या रेघा म्हणजे दशक, ठिपके म्हणजे सुटे, एक रेघ खोडून दहा ठिपके काढायचे. यात थोडा फरक दिसला. दुसरा गट, म्हणजे दशक कमी करायला विसरणारी मुलं, बरीच सावरली, कारण खोडलेली रेघ डोळ्यांसमोर राहते. पहिला गट मात्र चित्रात बरोबर करतो आणि शेजारच्या अंकांत पुन्हा उलटं. शनिवारी सकाळची शाळा, पाऊस, उपस्थिती कमी. नवीन काही घेतलं नाही.

आता अडचण अशी. काड्या आणि अंक यांच्यामधला पूल कसा बांधायचा? चित्रांवर किती दिवस थांबायचं आणि ती कधी सोडायची? मला वाटतं आपण शिक्षक काड्या एक दिवस दाखवतो आणि फार लवकर उभ्या मांडणीवर उडी मारतो, पण चौथीला पाठीशी घेऊन तिसरीला आठवडाभर काड्यांवर ठेवायचं तर वेळेची सांगड कशी घालता, ते मला तुमच्याकडून ऐकायचं आहे. चौथीतल्या मुलांना तिसरीच्या जोडीला बसवून कुणी हे केलंय का?

दुसरं, त्या मुलीची पुढे मोजत जाण्याची रीत. ६४ ते ७०, ७० ते १००. माझ्या मते हे अस्सल गणित आहे आणि मला ते मोडायचं नाही. वरिष्ठांचं म्हणणं, चाचणीत उभी मांडणी लागते, एकच रीत पक्की करा. ज्यांनी दोन्ही रीती शिकवल्या त्यांच्या मुलांचा गोंधळ झाला की उत्तर तपासायला दुसरी रीत कामी आली? वहीत १६४ लिहिल्यावर तिला स्वतःलाच खटकावं, एवढं मला हवं आहे.

तिसरं, लावणीमुळे तीन मुलं आठवडाभर आलीच नाहीत. त्यांच्यासाठी घरी पाठवता येईल असं काही, काड्या आणि एक कागद एवढ्यावर भागणारं, कुणाकडे असेल तर कृपया इथे टाका. फोनवरचे व्हिडिओ सुचवू नका, वस्त्यांवर रेंज नसते आणि फोन वडिलांबरोबर शेतात असतो.

पुढच्या आठवड्यात तीन अंकी सुरू करायचंय आणि ४०३ − १५८ सारखी, मध्ये शून्य असलेली उदाहरणं येतील. तिथे शतकाची मोठी जुडी सोडून आधी दहा जुड्या आणि मग त्यातली एक सोडायची, हे मुलांना दाखवायला तुम्ही काय वापरता? शंभराच्या जुडीसाठी लागतील तेवढ्या काड्या जमवल्या आहेत.