३ जानेवारीची वेशभूषा स्पर्धा बंद करावी का?

नीराकाठ, खंडाळा (सातारा)
सावित्रीबाईंची जयंती जवळ आली की पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ठरलेला निरोप येतो: लुगडं, मोठं कुंकू, हातात पुस्तक. मुली पाठ केलेलं भाषण म्हणतात, नंबर काढले जातात, मुलगे नुसते बसून असतात. उरलेल्या मुलांना पंजाबी, बंगाली कपडे घातले की विविधताही झाली!

माझं म्हणणं, ही स्पर्धा बंद करा आणि तो वेळ सावित्रीबाईंच्या पत्रांना द्या. नायगाव आपल्याच तालुक्यातलं. १८५६ च्या ऑक्टोबरात त्या आजारी होत्या, माहेरी आल्या होत्या. तिथून त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिलं. महार-मांगांसाठी तुम्ही करता ते पाप आहे, असं भाऊ म्हणत होता आणि त्या दुखण्यातही त्याला उत्तर देत होत्या. त्याच पत्रात मागे राहिलेल्या सहकारी शिक्षिका फातिमाची काळजी आहे, तिच्यावर कामाचा ताण पडत असेल म्हणून. सख्ख्या भावाशी वाद आणि मैत्रिणीचा घोर, हे चौथीतल्या मुलग्यालाही कळतं.

वाईची शिक्षिका
अजिबात पटलं नाही. मी पहिली-दुसरीला शिकवते. माझ्या मुलांना दीडशे वर्षांपूर्वीचं पत्र वाचून दाखवलं तर पाच मिनिटांत चुळबुळ सुरू होईल. वर्षभर तोंड न उघडणारी मुलगी लुगडं नेसून चार वाक्यं खणखणीत बोलते, तेव्हा तिची आई मागे उभी राहून रडत असते. ते तुम्ही काढून घेणार?

आणि नाटकाला एवढं कमी लेखू नका. क्रांतिसिंह नाना पाटलांची मुलगी हौसाताई इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या तुफान सेनेसाठी काम करायच्या. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर त्यांनी नवरा मारतोय असं सोंग वठवलं. पोलीस भांडण सोडवायला बाहेर आले आणि साथीदारांनी बंदुका पळवल्या. हा प्रसंग माझी मुलं जीव ओतून करतील, त्यात मुलग्यांनाही काम आहे.

नीराकाठ
हौसाताईंचा प्रसंग जरूर बसवा, त्यात गोष्ट आहे. माझा विरोध नुसत्या कपड्यांना आणि नंबरांना आहे.

कराडचा पालक
मला वेगळीच काळजी आहे. कपडे घालू द्या, गाणी म्हणू द्या, पण महार-मांग, बहिष्कार हे आठ वर्षांच्या मुलांपुढे कशाला? एकत्र खेळणाऱ्या पोरांच्या डोक्यात आपणच जात घालतो. माझ्या मुलाने घरी येऊन 'आपली जात कोणती' असं विचारलं, त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

धनिणीची बाग, सातारा
दादा, तुमचं दुःख खरं आहे. पण जात वगळली तर सावित्रीबाईंवर लोक शेण का फेकत होते, हे मुलांना कसं सांगणार? त्यांना ते कोडंच राहील. साताऱ्यात कर्मवीर भाऊरावांच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत. त्या मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा विकायला काढलं. सोवळं पाळणाऱ्या घरात वाढलेली बाई त्या पोरांची आई झाली. हे ऐकणारं मूल जात शिकत नाही, ती बाजूला सारणारं माणूस बघतं. तुमच्या मुलाच्या प्रश्नाला शाळेत उत्तर मिळायला हवं होतं, ते मिळालं नाही ही चूक शाळेची.

कराडचा पालक
लक्ष्मीबाईंची गोष्ट सांगायला माझी हरकत नाही. पण ती सांगणारा शिक्षक तुमच्यासारखा असेल याची खात्री कोण देणार? एक शब्द वाकडा गेला तर वर्गातल्या एखाद्या लेकराला तो आयुष्यभर टोचेल.

मिरजवाला
पंजाबी-बंगाली कपड्यांचं काय, ते तसंच राहिलं. हिराबाई बडोदेकर मिरजेत १९०५ साली जन्मल्या. वडील अब्दुल करीम खाँ, आई ताराबाई माने. तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्या पहिल्या काही गायिकांतल्या त्या. त्यांचं गाणं वर्गात पाच मिनिटं लावा. जतकडच्या मुलांना आजीची कन्नड गाणी म्हणू द्या. भांगडा नको असं नाही, पण शेजारच्या बाकावरची भाषा आधी.

वाळवा तालुका, जि.प. शाळा
गळीत हंगामात आमच्या पटावर ऊसतोड मजुरांची मुलं येतात, बरीचशी बीडकडची. ३ जानेवारीला ती वर्गात असतात. त्यांच्या आया पहाटेच फडात गेलेल्या असतात, त्यांना लुगडं कोण नेसवणार? स्पर्धा ठेवायचीच असेल तर कपड्यांना गुण नकोत, एवढं तरी यंदा मुख्याध्यापकांकडून लिहून घ्या.