द्राक्षांच्या खोऱ्यात गोल्फ इस्टेट: बर्ग नदीकाठची हिरवळ कोणाच्या पाण्यावर?

केपवासी

केप टाउनपासून तासाभराच्या अंतरावर, पार्ल आणि फ्रान्सहुक या गावांच्या मधोमध बर्ग नदीचं खोरं आहे. दोन्ही अंगांना डोंगर, मध्ये द्राक्षबागा. १६८८ मध्ये धर्मछळामुळे फ्रान्स सोडून आलेले ह्यूगेनॉ इथे वसले आणि गुलामांच्या कष्टावर या बागा उभ्या राहिल्या. याच खोऱ्यात २००३ मध्ये पर्ल व्हॅली इस्टेटीचं १८ होलचं गोल्फ कोर्स सुरू झालं. प्रसिद्ध अमेरिकन गोल्फपटू जॅक निकलॉसने आखलेलं. भोवती घरं, घरांभोवती कुंपण, रस्त्यावर पहारेकऱ्यांचं फाटक. २००७ ते २००९ अशी लागोपाठ तीन वर्षं दक्षिण आफ्रिकन ओपन स्पर्धा तिथे झाली आणि सगळ्या जगाने हे खोरं टीव्हीवर पाहिलं.

मी पार्लमध्ये शिकवते. नाशिकचे काही ओळखीचे लोक इथे फिरून गेले आणि परतल्यावर म्हणू लागले, "गंगापूर धरणाच्या बाजूला असं काहीतरी व्हायलाच हवं. वाइन आहेच, आता गोल्फ आणि बंगले हवेत." हे होऊ नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा धागा.

इथला पाऊस हिवाळ्यातला, साधारण मे ते ऑगस्ट. उन्हाळा कोरडा. वेलीला डिसेंबर ते मार्च पाणी लागतं, हिरवळीलाही तेव्हाच लागतं, आणि युरोपच्या थंडीतून पळून आलेले पाहुणेही तेव्हाच खेळायला येतात. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १०,००० लिटर. समजा ४० हेक्टर हिरवळीला रोज पाच मिलिमीटर दिलं, तर दिवसाला २० लाख लिटर झाले. २०१५ ते २०१८ च्या दुष्काळात, १ फेब्रुवारी २०१८ पासून केप टाउनमध्ये माणशी ५० लिटरची मर्यादा आली. म्हणजे ते ४०,००० माणसांचं पाणी. त्या काळात लोक बादलीत उभे राहून आंघोळ करत आणि तेच पाणी संडासात ओतत. नळ बंद होण्याच्या दिवसाची तारीख रोज बातम्यांत असायची.

पण पाण्याइतकंच मला जमिनीचं आणि माणसांचं वाटतं. जमिनीचा भाव एकदा बंगल्याच्या खिडकीतून दिसणाऱ्या डोंगरावर ठरायला लागला की द्राक्ष पिकवणारा त्या भावात जमीन घेऊ शकत नाही. आणि मळ्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मजुरांची घरं सौद्यात कुठेच नसतात.

शिरीष_पुणे

केपवासीताई, कळकळ समजली. पण खापर चुकीच्या डोक्यावर फोडताय.

दक्षिण आफ्रिकेत वाइनच्या द्राक्षाखाली एके काळी एक लाख हेक्टरच्या आसपास जमीन होती, आता ती ९० हजारांच्या खाली आली आहे. उत्पादक चार हजारांहून जास्त होते, ते अडीच हजारांपर्यंत घसरले. हे गोल्फमुळे झालं का? ज्या भागांत आसपास एकही गोल्फ कोर्स नाही तिथल्या बागाही उपटल्या गेल्या. कारण साधं आहे: द्राक्षाला भाव नाही. निर्यात होणाऱ्या वाइनपैकी निम्म्याहून जास्त वाइन बाटलीत भरूनही जात नाही, मोठ्या टाक्यांतून घाऊक भावाने जाते. बॉटलिंगचा आणि ब्रँडचा नफा परदेशात राहतो.

कर्जात बुडालेल्या मालकाला तुम्ही सांगणार, जमीन विकू नकोस, खोरं सुंदर दिसायला हवं? गोल्फ इस्टेट आली की निदान काही बागा टिकतात, कारण घर घेणाऱ्यालाही खिडकीतून वेलीच हव्या असतात. स्टेलनबॉशजवळचं डी झाल्झ पाहा. तिथे फेअरवेच्या (चेंडू मारत पुढे जायच्या लांब हिरवळीच्या पट्ट्याच्या) बाजूलाच चालत्या वाइनरीच्या बागा आहेत. शिवाय या महागड्या घरांचा मालमत्ता कर नगरपालिकेला मिळतो. दक्षिण आफ्रिकेत गरीब कुटुंबांना महिन्याला ६,००० लिटर पाणी मोफत देण्याचं धोरण आहे. त्याचे पैसे कुठून येतात?

हिरवळ

मी टर्फचं काम करतो, हिरवळीची निगा हाच माझा धंदा, म्हणून आकड्यांवर बोलतो.

४० हेक्टरला रोज पाच मिलिमीटर हा हिशेब पाणी मुबलक असतानाचा आहे. टंचाईत कोणताही शहाणा ग्रीनकीपर तसं पाणी देत नाही. ग्रीन (चेंडू घालायच्या खड्ड्याभोवतीचं बारीक गवत) आणि टी (पहिला फटका मारायची जागा) मिळून दोन-तीन हेक्टर भरतात, तेवढंच जगवायचं. ग्रीनवरचं गवत तीन-चार मिलिमीटरवर कापलेलं असतं, मूळ उथळ असतं, ते दोन दिवस तहानलं तर गेलंच. फेअरवे मात्र पिवळा पडू द्यायचा. किकुयू किंवा बर्म्युडा गवत वरून वाळतं, खालचे धुमारे जिवंत राहतात, पहिल्या पावसात पुन्हा फुटतं. म्हणजे टंचाईतला खर्च तुमच्या आकड्याच्या दहाव्या हिश्शाच्याही आत येऊ शकतो.

दुसरं, गोल्फला पिण्याचं पाणी लागतच नाही. प्रक्रिया केलेलं सांडपाणी गवताला उत्तम चालतं, त्यातलं नत्र उलट खत म्हणून कामी येतं. बर्ग नदीत पार्लच्या बाजूचं सांडपाणी मिसळून प्रदूषण वाढलं तेव्हा खालच्या अंगाचे निर्यातदार बागायतदार धास्तावले होते, की युरोप आपला माल परत पाठवेल. ते पाणी नदीत जाण्याऐवजी गवतावर गेलं तर वाईट काय?

आणि रोजगार. बागेत तोडणीच्या हंगामात माणसं लागतात, नंतर घरी बसतात. कोर्सवर बारा महिने लागतात.

केपवासी

हिरवळभाऊ, ग्रीन आणि टीपुरतं पाणी ही दुष्काळातली शिस्त झाली. पण पाण्याचा हक्क दुष्काळापुरता मिळत नाही, चांगल्या वर्षांत तो पुरेपूर वापरला जातो. आणि घर विकताना जाहिरातीत पिवळा फेअरवे कोणी छापत नाही. ज्याने हिरवं बघून पैसे मोजले तो दुसऱ्या उन्हाळ्यात तक्रार घेऊन उभा राहतो.

निफाडकर

ताई, मी द्राक्ष बागायतदार. जानेवारी ते मार्च युरोपच्या बाजारात आमचा आणि तुमच्या केपचा माल समोरासमोर येतो, त्यामुळे तिकडची खबर आम्ही ठेवतो.

एक गोष्ट इथे कोणी बोललं नाही. वेल आणि गवत दोघांनाही पाणी लागतं, पण दोघांची तऱ्हा वेगळी. वाइनच्या द्राक्षाला थोडा ताण दिला तर मणी लहान राहतो, सालीचं प्रमाण वाढतं, रंग आणि चव गडद होते. वाइनवाले स्वतःहून पाणी तोडतात. तिकडच्या स्वार्टलँड भागात शेनिन ब्लांक या वाइनच्या पांढऱ्या द्राक्षाच्या जुन्या बुटक्या वेली नुसत्या पावसावर उभ्या आहेत. आमच्या खायच्या द्राक्षाला तसं चालत नाही, आम्हाला मणी जाड लागतो, तरीपण ठिबकवर थेंब मोजूनच देतो. ग्रीनला ताण देता येत नाही, हे हिरवळभाऊंनीच लिहिलं. मग पाणी कमी असताना कमी पाण्यात तगणारं पीक काढायचं आणि जास्त मागणारं लावायचं, हे शेतकऱ्याच्या डोक्यात बसत नाही.

पण शिरीषरावांचं एक खरं आहे. भाव पडला की आमच्याकडेही बागेवर कुऱ्हाड पडते आणि जमीन एनए (बिगरशेती) करून प्लॉट पडतात. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला, डाऊनी (बुरशीचा रोग) आला, घड जिरले, सोसायटीचं कर्ज थकलं, अशा माणसाला जमीन विकू नको म्हणायला जीभ रेटत नाही. मी विकणाऱ्याला दोष देणार नाही. परवानगी देणाऱ्याला विचारेन.

आणि गंगापूरच्या बाजूला गोल्फ म्हणणाऱ्यांनी आधी जायकवाडीचं पाणी आठवावं. तुटीच्या वर्षी आमच्या धरणातून खाली पाणी सोडतात तेव्हा नाशिक-नगरची माणसं रस्त्यावर उतरतात, आणि तिकडे मराठवाडा पाण्याची वाट बघत बसलेला असतो. त्यात नवा वाटेकरी कशाला?

वसुधा_नगररचना

सांडपाण्याचा मुद्दा वरवर बिनतोड वाटतो, पण तो उघडून पाहायला हवा. शहर नदीतून पाणी उचलतं, वापरतं, शुद्ध करून परत नदीत सोडतं. खालच्या गावांचं आणि बागांचं उन्हाळी पाणी बऱ्याच अंशी हेच असतं. ते गवतावर ओतलं की उडून जातं, नदीत परत येत नाही. म्हणजे "पुनर्वापराचं पाणी" हेही कोणाच्या तरी वाट्याचंच पाणी. प्रदूषणाचं उत्तर सांडपाणी नीट शुद्ध करणं हे आहे.

आपल्याकडे हा वाद २०१६ मध्ये झाला होता. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी जात होतं आणि मैदानांवर आयपीएलसाठी पाणी मारलं जात होतं. बीसीसीआयने प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरायची तयारी दाखवली, तरीही मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर न्यायला सांगितलं. त्यावेळी अनेकांनी विचारलं, सामने हलवून लातूरला किती पाणी मिळालं? रास्त प्रश्न होता. मला मात्र तो आदेश आजही योग्य वाटतो, कारण टंचाईत वापराचा क्रम कोणीतरी ठरवावाच लागतो.

दक्षिण आफ्रिकेचा १९९८ चा जलकायदा या बाबतीत आपल्या पुढे आहे. पाणी कोणाच्याही मालकीचं नाही, सरकार जनतेच्या वतीने त्याचं विश्वस्त, आणि माणसाची मूलभूत गरज व नदीचं स्वतःचं पाणी आधी राखून ठेवायचं, हे त्यात स्पष्ट आहे. अडचण अशी की जुना कायदेशीर वापर चालू ठेवायची मुभाही त्यातच आहे. बागेसाठी मिळालेलं सिंचनाचं पाणी जमीन विकली गेल्यावर कुठे जातं, खरी मेख तिथे आहे. शेती संपली तर ते पाणी सरकारजमा व्हावं आणि हिरवळीने नव्याने अर्ज करावा, असं माझं मत. गोल्फ आणि पोलो इस्टेटींचा सपाटा पाहून वेस्टर्न केप प्रांताने २००५ मध्ये त्यांच्यासाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली. म्हणजे प्रश्न तिथल्या सरकारलाही जाणवला होता.

शिरीष_पुणे

वसुधाताई, पाणी सरकारजमा करून नवा अर्ज, हे मला मान्य आहे. निफाडकरांनी ताणाचं लिहिलं तेही पटलं. पण रोजगाराला कोणीच उत्तर दिलं नाही. २०१२ मध्ये हेक्स नदीच्या खोऱ्यात द्राक्षमजुरांचा संप झाला तेव्हा किमान रोजंदारी ६९ रँड होती. संपानंतर ती १०५ झाली. अशा मजुरीवर राबवणाऱ्या बागा वाचवा आणि पगारी नोकऱ्या देणारी इस्टेट नको, हे मजुराच्या हिताचं कसं? याच बागांत मजुरीचा काही भाग दारूत देण्याची 'डॉप' पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालली, कायद्याने बंदी आल्यावरही चालली. आईच्या पोटात दारूने बाधलेली मुलं जन्मण्याचं प्रमाण तिथे जगात सर्वाधिक नोंदलं गेलंय. त्या इतिहासाला कुरवाळू नका.

केपवासी

शिरीष, अशी मुलं माझ्या वर्गात बसतात. आठ वर्षांच्या मुलाला काल शिकवलेलं अक्षर आज आठवत नाही आणि तो रागाने पेन्सिल मोडतो. त्या इतिहासाबद्दल मला कसलंही प्रेम नाही.

पण मजुराचं हित म्हणताना फक्त मजुरी धरू नका. इथे मळ्यावरच्या मजुराला घर मळ्यावर मिळतं. चुन्याने रंगवलेल्या खोल्यांची रांग, प्रत्येकीला धुराडं, मागे थोडी भाजी. घर मालकाचं, पण राहणारी तिसरी-चौथी पिढी. १९९७ च्या कायद्याने त्यांना संरक्षण दिलं: न्यायालयाच्या आदेशाशिवाय काढता येत नाही, आणि जो दहा वर्षं राहिला व साठीला पोचला त्याचा राहण्याचा हक्क सहसा मोडता येत नाही. कागदावर चांगलं आहे. प्रत्यक्षात जमीन विकली जाते, काम संपतं, मुलगा-सून "स्वखुशीने" थोडे पैसे घेऊन बाहेर पडतात, म्हातारी एकटी उरते. मग तिच्या खोलीची वीज तुटते.

माझ्या एका विद्यार्थ्याची आजी अशीच निघाली. अख्खं आयुष्य तिने द्राक्षं तोडली. आता पार्ल ईस्टमध्ये नातेवाइकाच्या घरामागे पत्र्याच्या खोलीत राहते. तिची सून सकाळी फाटकावर ओळखपत्र दाखवून एका इस्टेटीत फरशी पुसायला जाते. पगार बागेपेक्षा जास्त आहे, हे सूनच सांगते. पण त्या वाढीव पगारातून टॅक्सीचं भाडं जातं, खोलीचं भाडं जातं, आणि पूर्वी आजी शेजारीच असल्यामुळे मुलाकडे लक्ष असायचं, ते आता नाही.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. परवानगी द्यायचीच असेल तर जमीन विकण्याआधी मळ्यावरच्या कुटुंबांची घरं, त्याच खोऱ्यात, त्यांच्या नावावर व्हायला हवीत.

शिरीष_पुणे

घरं नावावर, मान्य. पण ती अट गोल्फवाल्यालाच का? उद्या दुसऱ्या बागायतदाराने तो मळा घेतला आणि यंत्राने तोडणी सुरू केली तरी मजूर बाहेरच पडणार. अट जमिनीच्या प्रत्येक सौद्याला लावा.

हिरवळ

आणि गोल्फला सरसकट बंदी नको, एवढंच माझं म्हणणं. मीटर लावा, वापर दर महिन्याला जाहीर करा, टंचाईत फेअरवे बंद. चांगला कोर्स यात टिकतो.

निफाडकर

मीटर आमच्या विहिरीला लावायला निघालेत, तिथेही लावा. २०१८ च्या फेब्रुवारीत तिकडे ग्रॅबोच्या बाजूच्या शेतकऱ्यांनी आपल्या खाजगी तळ्यांतलं एक हजार कोटी लिटर पाणी केप टाउनसाठी सोडलं होतं. शेतीच्या पाण्यात तेव्हा साठ टक्के कपात होती, तरी सोडलं. त्यांनी ते शहरातल्या माणसांसाठी दिलं. त्याच शेजारात नवी हिरवळ मंजूर करताना निदान त्या शेतकऱ्यांना बोलावून विचारलं पाहिजे.

केपवासी

शिरीष, प्रत्येक सौद्याला लावा, माझी हरकत नाही. पण बागायतदाराला वर्षभर थोडी तरी माणसं मळ्यावर लागतात, छाटणीला, बांधणीला. बंगल्यांच्या इस्टेटीला आपल्या कुंपणाच्या आत मजुराचं घर नकोच असतं, म्हणून सुरुवात तिथून करा म्हणते. आणि नाशिकबद्दल माझं मत बदललेलं नाही. गंगापूरच्या काठावर नको.