अंगचोर की कामचुकार?

आमच्या हिशेब विभागात एक सहकारी होते. रजा क्वचितच, सकाळी वेळेवर हजर, दिवसभर खुर्चीवर. पण व्हाउचरांचा एकच गठ्ठा सकाळी सोडायचा, दोन-चार कागद उलटायचे, एखाद्या आकड्याभोवती पेन्सिलीने गोल करायचा आणि संध्याकाळी पुन्हा सुतळी बांधून ठेवायची. मार्चअखेरीला तेच गठ्ठे माझ्या टेबलावर. एकदा घरी चिडून मी त्यांना कामचुकार म्हणाले, तर आई म्हणाली, "कामचुकार नाही गं, अंगचोर आहे तो."

तेव्हापासून या दोन शब्दांतला फरक माझ्या मनात पक्का बसला आहे. कामचुकार काम चुकवतो. फाईल येताना दिसली की चहाला निघतो. अंगचोर जागेवरच असतो, काम हातातही घेतो, फक्त जोर लावत नाही. म्हणून त्याची तक्रार करणं अवघड. हजेरी पूर्ण, समोर गठ्ठा उघडा, साहेबांना सांगायचं काय?

शिवाय यातला 'चोर' दुसऱ्याचं उचलणारा नव्हे. चोरणं म्हणजे इथे आपलंच आवरून धरणं. गाय वासरासाठी पान्हा चोरते, आपण नजर चोरतो, भरलेल्या एसटीत अंग चोरून बसतो (त्यात तर दोष काहीच नाही, उलट भलेपणा आहे). पण कामात एकाने अंग चोरलं की ते काम दुसऱ्याच्या अंगावर पडतं. दोन्हीकडे 'अंग'च! हिंदीतून आलेल्या 'कामचोर'मध्ये हा दुसरा माणूस दिसत नाही. तुमच्याकडे काय म्हणतात?

प्रतिसाद १
आमच्याकडे हा शब्द आधी बैलाला, मग माणसाला. जोडीतल्या एकाने अंग चोरलं की जू तिरकं होतं आणि सगळी ओढ दुसऱ्याच्या मानेवर येते. त्यातून खांदेसूज होते. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला हळद-लोणी चोळताना कोणी किती ओढलं ते हाताला कळतं. आणि 'सावड' विसरू नका. तुम्ही माझ्या रानात दोन दिवस खुरपलंत, तर मी तुमच्या रानात दोन दिवस यायचं. याला सावड फेडणं म्हणतात. नुसतं येऊन चालत नाही, बरोबरीने पात धरावी लागते.

प्रतिसाद २
'पाट्या टाकणे' राहिलं. मी ते मातीकामाशी जोडतो: अर्धी भरलेली पाटीसुद्धा मोजताना एकच. सरकारी कचेरीत मात्र शब्द 'दिरंगाई', मूळ फारसी. बदल्या आणि विलंब यांबाबतच्या राज्याच्या २००५च्या कायद्याला सगळे 'दफ्तर दिरंगाई कायदा' म्हणतात. कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, असं त्यात आहे. पण मोजला जातो तो विलंब. अंगचोरपणा कशाने मोजणार? ताई, तुम्ही पुढे काय केलंत?

मूळ लेखिका
खांदेसुजेचं वाचून गलबलून आलं. मार्चमध्ये माझी मान खरंच आखडायची.

मी त्यांना तोंडावर ना कामचुकार म्हटलं ना अंगचोर. नाव ठेवलं की माणूस नावाशी भांडत बसतो, काम तिथेच राहतं. पुढच्या फेब्रुवारीत गठ्ठे मोजले आणि प्रत्येकावर चिठ्ठी लावली, निम्म्यांवर त्यांचं नाव, निम्म्यांवर माझं. म्हणाले, "भाऊ, हे अकरा तुमच्या वाट्याचे. अडलं तर विचारा, मी शेजारीच आहे. पण माझ्याकडे घेणार नाही." ते काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी चौथ्या गठ्ठ्यातली एक जुळत नसलेली नोंद घेऊन आले. तेव्हा कळलं की जमा-नावेचा मेळ घालणं त्यांना नीट येतच नव्हतं, आणि विचारायची लाज वाटत होती. अकरापैकी नऊ त्यांनी पूर्ण केले. उरलेले दोन आम्ही मिळून.

आता सांगा, न येणाऱ्या कामापासून लाजेने अंग आखडून घेणाऱ्यालाही अंगचोरच म्हणायचं का?