आंबा घाट उतरताना ऑटोमॅटिक गाडी खालच्या गिअरात टाकायची का?

माजी_कॅशिअर:
मंडळी, नमस्कार. तीस वर्षं हातानं गिअर टाकून गाडी चालवली. डावा गुडघा क्लचला नको म्हणायला लागला म्हणून दिवाळीत एएमटी, म्हणजे क्लचचं पेडल नसलेली ऑटोमॅटिक गाडी, घेतली. गावात झकास आहे. दसरा चौकातल्या गर्दीत ब्रेकवरचा पाय सोडला की गाडी आपली आपण सरकते.

गेल्या रविवारी सौ.ला घेऊन रत्नागिरीला बहिणीकडं निघालो. मलकापूर, आंबा गावापर्यंत काही नाही. पुढं घाट लागला आणि गाडी पळायला लागली. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढावा, तर ही बया आणखी वरचा गिअर टाकते! जुन्या गाडीत दुसऱ्यात टाकून निवांत उतरायचो. इथं काय करायचं कळेना, म्हणून सगळा घाट ब्रेकवर काढला. शेवटच्या दोन वळणांना पेडल नेहमीपेक्षा खोल गेलं. घाम फुटला, पण सौ.ला काही बोललो नाही.

साखरप्यात चहाला थांबलो तर पुढच्या चाकांतून करपट वास. चहावाला भला माणूस, चाकावर मारायला बादलीभर पाणी घेऊन आला. सौ. म्हणाली, "तापल्या तव्यावर पाणी मारायचं नसतं, राहू दे." अर्धा तास बसून राहिलो.

मुलगा पुण्याहून फोनवर सांगतो, "बाबा, ऑटोमॅटिक आहे, तिचं ती बघते." दांड्याला 'एम' (मॅन्युअल, म्हणजे गिअर आपण बदलायचा) आणि अधिक-उणे आहे, त्याला मी अजून हात लावलेला नाही. चालत्या गाडीत 'एम'मध्ये टाकलं तर गिअरबॉक्स जाईल का?

उद्यमनगरचा_मिस्त्री:
काका, वहिनींना नमस्कार सांगा. पाणी मारलं असतं तर डिस्क वाकडी झाली असती, मग ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. असल्या डिस्का घेऊन लोक येतात आमच्याकडं.

गिअरबॉक्सला काय होत नाही. तुमच्या एएमटीत आत नेहमीचाच गिअरबॉक्स आन् नेहमीचाच क्लच असतोय, फक्त पाय आन् हात मशीनचा. चालत्या गाडीत दांडा 'एम'ला घ्या, मग उणेकडं एक-एक टिचकी, प्रत्येक टिचकीला एक गिअर खाली. वेग जास्त असला तर ती खालचा गिअर घेतच नाही, इंजिन फाटू नये म्हणून. मग आधी ब्रेक मारून वेग उतरवायचा, मग टिचकी.

आता गाडी वर का चढवती ते ऐका. तिला कळतंय वेग किती आन् पाय किती दाबलाय. पाय काढला की तिला वाटतंय निवांत चाललोय, टाका वरचा गिअर. पुढचं वळण तुम्हाला दिसतंय, तिला दिसत नाही. काही नव्या गाड्यांना उतार कळतोय, सगळ्यांना नाही. त्यामुळं घाट सुरू व्हायच्या आधीच दुसरा किंवा तिसरा घ्यायचा. तीस-चाळीसचा वेग, इंजिनच्या फेऱ्यांचा काटा अडीच-तीन हजारावर. आवाज येणार, येऊ द्या.

पेडल खोल गेलं ते मात्र हलक्यात घेऊ नका. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतंय. डॉट ४ प्रकारचं ऑइल नवं असताना निदान २३० अंशापर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की १५५ वर येतंय. उकळलं की नळीत वाफ, आन् वाफ दाबली तर दबती, ब्रेक लागत नाही. गाडी नवी असली तरी ऑइल आन् पॅड बघून घ्या.

मायलेज_सम्राट:
एवढं कशाला? उताराला न्यूट्रल करा, पेट्रोल वाचतं. आमचे वडील आयुष्यभर असंच करत आले.

उद्यमनगरचा_मिस्त्री:
भावा, वडिलांची गाडी कार्बोरेटरची. आत्ताच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये राहून पाय काढला की पेट्रोल बंदच होतंय, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला उलट इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंय. वाचतंय ते काय, आन् सगळा भार ब्रेकवर.

गगनबावडेकर:
माझी जुनी टॉर्क कन्व्हर्टरवाली आहे, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद देणारी ऑटोमॅटिक. दांड्यावर नेहमीच्या 'डी'च्या खाली '२' (दुसऱ्याच्या वर जात नाही) आणि 'एल' (सगळ्यात खालचा). करूळ घाट मी कायम '२'वर उतरतो. 'एल' फक्त अगदी उभ्या उताराला, तेही गाडी रांगत असताना. सीव्हीटी म्हणून आणखी एक ऑटोमॅटिक असते, तिला गिअरच्या पायऱ्या नसतात, पण 'एल' किंवा 'एस' असतं, काम तेच.

एक सांगायचं राहिलं. इंजिननं वेग कमी होतो तेव्हा मागचे लाल दिवे लागत नाहीत. धुक्यात मागून ट्रक असेल तर ब्रेकला अधूनमधून नुसतं बोट लावल्यासारखं करा.

आणि काका, चढालाही 'एम' कामाला येतं. चढाला गाडी दुसरा-तिसरा, दुसरा-तिसरा करत बसते ते थांबतं. फक्त चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून उभी करू नका. एएमटीचा क्लच त्यानंच जळतो. हँडब्रेक ओढायचा.

माजी_कॅशिअर:
सगळ्यांचे आभार. ब्रेक ऑइल बदललं. काल पहाटे रस्ता मोकळा असताना जोतिबाला जाऊन आलो. देवदर्शन निमित्त, खरी परीक्षा उतरताना. वरूनच 'एम', दुसरा गिअर. पहिल्या वळणाला इंजिन असं गुरगुरलं की सौ. म्हणाली, "अहो, ती ओरडतेय, सोडा तिला." म्हटलं, मिस्त्रींनी सांगितलंय, ओरडू दे.

खाली येईपर्यंत ब्रेक मोजून सहा वेळा लावला, त्यातला एक म्हशींसाठी. खाली थांबून चाकाजवळ हात नेला. कोमट.

मुलाला फोन लावला होता. तो म्हणतो, "मग मॅन्युअलच घ्यायची होती की." त्याला गुडघा दाखवायला पुण्याला जाणार आहे. कात्रजचा जुना घाट उतरून.